उत्तम कोणाला म्हणावे?

शास्त्रपाठ : मार्क १०:१७-२२, लूक १०:२५-३७



इंग्रजी भाषेतील एक शब्द आपल्या लेकरांच्या तोंडी फार लवकर बसतो. तो शब्द म्हणजे ‘गुड’. सकाळी शाळेच्या फाटकात ‘गुड मॉर्निंग’, वहीच्या कडेला तांबड्या शाईत ‘गुड’, रात्री निजताना ‘गुड नाईट’, आणि पाहुण्याला निरोप देताना ‘गुडबाय’. व्यापारी आपले दुकान विकतो तेव्हा गाळा, माल आणि फर्निचर यांच्याखेरीज ‘गुडविल’ची निराळी किंमत लावतो. रेल्वेच्या यार्डात ‘गुड्स’ची गाडी उभी असते. आपण ख्रिस्ती लोक तर या शब्दाने अगदी वेढलेले आहोत : गुड फ्रायडे, गुड न्यूज, गुड शेफर्ड, गुड समॅरिटन. आपल्या कित्येक शाळांच्या पाट्यांवर आणि दवाखान्यांच्या दारांवर हीच नावे आहेत. हातोहात फिरून झिजलेल्या नाण्यासारखा हा शब्द झाला आहे. नाणे चालते, पण त्यावरचा छाप कोणी पाहत नाही. आज तो छाप आपण जरा उजेडात धरून पाहू.

जुन्या इंग्रजीत शुभवर्तमानाला ‘गोडस्पेल’ असा शब्द होता. ‘गोड’ म्हणजे चांगली आणि ‘स्पेल’ म्हणजे वार्ता. (मराठी वाचकाला हा उच्चार कानाला गोड लागेल, परंतु त्या ‘गोड’चा आपल्या साखरेच्या गोडाशी काही एक संबंध नाही.) पुढे त्यातील स्वर आखूड झाला, आणि लोकांना वाटू लागले की हा शब्द ‘गॉड’पासून, म्हणजे देवापासून आला असावा. चांगली वार्ता ही देवाची कथा झाली. ‘गुडबाय’च्या बाबतीत नेमके उलटे घडले. ‘देव तुम्हांबरोबर असो’ अशा अर्थाचे चार शब्दांचे इंग्रजी आशीर्वचन घाईघाईने उच्चारले जाऊन सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका शब्दात आकसले, आणि ‘गुड डे’, ‘गुड नाईट’ यांच्या संगतीने त्यातील देवाच्या जागी ‘गुड’ येऊन बसला. एका शब्दात चांगुलपणाच्या जागी देव आला, दुसऱ्यात देवाच्या जागी चांगुलपणा आला. लोकांच्या जिभेने या दोन शब्दांची अशी अदलाबदल केली असली तरी ते मुळात सख्खे नाहीत. भाषेचे अभ्यासक सांगतात की ‘गॉड’ हा शब्द ‘ज्याला हाक मारली जाते तो’ अशा अर्थाच्या धातूपासून आला असावा. संस्कृतातील ‘हूत’ हा त्याचाच आप्त. ‘गुड’चे मूळ मात्र जुळणे, एकत्र येणे, नीट बसणे या अर्थाकडे जाते. इंग्रजीत गोळा करणे आणि एकत्र असणे यांना जे शब्द आहेत ते त्याच कुळातले. जे ज्याच्याशी जुळून येते ते चांगले, असा काही त्यातला जुना भाव आहे.

हा सारा शब्दांचा खेळ आहे, त्याचा उपदेशाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की आपल्या प्रभूने स्वतः एकदा याच शब्दावर एका माणसाला थांबवले होते.

मार्कच्या दहाव्या अध्यायातील तो तरुण धावत येतो. रस्त्यात गुडघे टेकतो आणि प्रभूला ‘उत्तम गुरू’ असे संबोधून सार्वकालिक जीवनाची वाट विचारतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी प्रभू येशू त्याच्या संबोधनालाच हात घालतो : मला उत्तम का म्हणतोस? उत्तम असा एक देवच आहे. आपण उपदेशक बहुधा या वाक्यावरून लगबगीने पुढे जातो, कारण पुढे उंट आहे, सुईचे नाक आहे, श्रीमंतांना बोलण्याची सोय आहे. परंतु प्रभूने येथे विनाकारण वेळ घालवला नाही. त्या तरुणाने ‘उत्तम’ हा शब्द आपण पत्राच्या मायन्यात ‘तीर्थस्वरूप’ लिहितो तसा, शिष्टाचार म्हणून वापरला होता. प्रभूने तो खरा धरला. तू मला हे म्हणत असशील तर ते कोणाचे आहे हे जाणून म्हण, असा त्या प्रश्नाचा रोख आहे. चांगुलपणा हा माणसाच्या मालकीचा नाही, तो देवाकडून आलेला आहे. पण हे मान्य केले की शिष्टाचार संपतो आणि हिशेब सुरू होतो. त्या तरुणाला ते पुढच्या दोनचार वाक्यांतच कळले.

मराठीत शास्त्र आणणाऱ्यांपुढे या शब्दाने मोठी पंचाईत उभी केली असली पाहिजे. १८११ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली मराठी नवा करार छापला गेला, तेव्हापासून हा प्रश्न आहे. ग्रीक भाषेत चांगल्याला दोन शब्द. मार्कमधील तरुण ज्या शब्दाने प्रभूला हाक मारतो तो ‘अगाथोस’, आणि योहानाच्या दहाव्या अध्यायात मेंढपाळाला जो लावला आहे तो ‘कालोस’. पहिल्यात गुणाचा चांगुलपणा आहे, दुसऱ्यात देखणेपणाची आणि थोरवीची छटा आहे. इंग्रजीने दोहोंना ‘गुड’ म्हणून प्रकरण मिटवले. मराठीने मात्र एका ‘गुड’साठी घरातले सगळे शब्द बाहेर काढले. वार्ता आली तेव्हा ‘शुभवर्तमान’ किंवा ‘सुवार्ता’ झाले. मेंढपाळ ‘उत्तम’ झाला. शोमरोनी ‘चांगला’ झाला. सर्व गोष्टी मिळून जे घडते असे प्रेषित पौल रोमकरांस लिहितो, त्याला आपण ‘कल्याण’ म्हणू लागलो. पंडिता रमाबाईंनी केडगावी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्याचे व्रत घेतले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूमध्ये निजण्यापूर्वी ते तडीस नेले; ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. खेड्यातील बाईला कळेल असाच शब्द हवा, हा त्यांचा ध्यास होता.

खेड्यातील त्या बाईजवळ एक शब्द आहे, आणि माझ्या मते तो या सगळ्यांत खोल आहे. तो म्हणजे ‘बरे’. मराठीत बरे म्हणजे चांगले, आणि बरे होणे म्हणजे आजारातून उठणे. पोर तापाने फणफणले होते, आता बरे आहे. जखम बरी झाली. ‘बऱ्या’ माणसाचा आणि ‘बऱ्या’ झालेल्या माणसाचा शब्द एकच असावा, हे इंग्रजीला साधलेले नाही. आपल्या मराठी शास्त्रात वाइटाला बऱ्याने जिंकण्याविषयी पौलाने लिहिलेले वचन (रोम. १२:२१) आहे, तेथे हाच साधा शब्द आला आहे, आणि तो वाचताना मराठी मनाला औषधाचा वास आल्यावाचून राहत नाही.

आता गुड फ्रायडेकडे येऊ. हा दिवस ‘गुड’ कसा, हा प्रश्न प्रत्येक शब्बाथ शाळेतील एखादे तरी मूल विचारतेच, आणि शिक्षक बहुधा घाईने काही उत्तर देतात. जगातील सगळ्या ख्रिस्ती लोकांनी हे नाव पत्करलेले नाही. जर्मन लोक त्याला विलापाचा शुक्रवार म्हणतात. ग्रीक मंडळी म्हणते मोठा शुक्रवार, फ्रेंच म्हणतात पवित्र शुक्रवार. आपल्या शेजारचे मल्याळी ख्रिस्ती त्याला ‘दुःख वेळ्ळी’ म्हणतात. वेळ्ळी म्हणजे शुक्रवार. तमिळ ख्रिस्ती ‘पेरिय वेळ्ळी’, म्हणजे थोर शुक्रवार, किंवा ‘पुनित वेळ्ळी’ म्हणजे पवित्र शुक्रवार म्हणतात. इंग्रजीतल्या ‘गुड’चाही येथे जुना अर्थ पवित्र असाच होता असे जाणकार सांगतात. आपण मराठी लोकांनी मात्र त्या ‘गुड’चे शब्दशः ‘उत्तम’ केले, कोणी ‘शुभ’ केले.

‘उत्तम शुक्रवार’ मला पटतो. ‘शुभ शुक्रवार’ म्हणताना जीभ अडखळते, आणि ती अडखळावी हेच योग्य आहे. मराठी घरात शुभ म्हणजे लग्नाचा मुहूर्त, तोरण, पेढे. मरणाची बातमी अशुभ. टपालाच्या जुन्या काळी मृत्यूची वार्ता आणणारे कार्ड वाचले की लगेच फाडून टाकीत. ते घरात ठेवीत नसत. आपल्या आज्याआजोबांपैकी ज्यांनी प्रथम हा विश्वास पत्करला, त्यांनी काय केले ते या रिवाजाच्या शेजारी ठेवून पाहा. एका तरुणाच्या भर दुपारी झालेल्या वधाची वार्ता त्यांनी घरात आणली, कापडात बांधून फळीवर जपून ठेवली, रोज संध्याकाळी उघडून वाचली, आणि तिला नाव दिले शुभवर्तमान! शेजाऱ्यांना ते किती विपरीत वाटले असेल याची आज आपल्याला कल्पना उरलेली नाही. आज तर त्या दिवशी सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रासह ‘हॅपी गुड फ्रायडे’ असे संदेश येतात. परधर्मी मित्राने प्रेमाने पाठवला तर त्याचे प्रेम घ्यावे, त्याला दोष देऊ नये. परंतु आपल्याच मंडळीतील माणसे तो पुढे ढकलतात, तेव्हा शब्दाचा छाप पार पुसला गेला असे समजावे. ‘गुड’ म्हणजे सुखाचे, गोड, आनंदी असा समज एकदा झाला की वधस्तंभाला त्यात जागा उरत नाही.

हा समज कोठे मोडून पडतो ते पाहायचे असेल तर एका रस्त्याने दूर दक्षिणेस चला. रस्ता आपल्या ओळखीचाच आहे. मुंबईहून पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर करीत बेळगावकडे उतरणारा हा महामार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणून ओळखला जाई. आता त्याचा क्रमांक ४८ आहे. तो बेळगावला थांबत नाही. हुबळी, दावणगेरे, बंगळूर, वेल्लोर अशी मजल मारीत तो चेन्नईस पोहोचतो, आणि चेन्नईच्या अलीकडे सुमारे ४० किलोमीटरवर त्याच्या काठी एक गाव लागते : श्रीपेरुंबुदूर. साताऱ्याच्या आपल्या बांधवाच्या दारावरून जो रस्ता जातो तोच हा.

या गावाची पहिली ओळख रामानुजाचार्यांची. परंपरेप्रमाणे इ. स. १०१७ साली त्यांचा येथे जन्म झाला, आणि येथील आदिकेशव पेरुमाळ मंदिरात आजही त्यांचा मान मोठा आहे. त्यांच्याविषयी एक कथा वैष्णव परंपरेत फार प्रेमाने सांगतात. तारक मंत्र मिळावा म्हणून ते तिरुक्कोष्टियूर येथील गुरूकडे अठरा वेळा गेले. गुरूने अखेर मंत्र दिला, पण तो कोणास सांगायचा नाही, सांगशील तर नरकात जाशील, अशी अट घातली. रामानुज तडक मंदिराच्या गोपुरावर चढले आणि खाली जमलेल्या सर्व जातींच्या लोकांना त्यांनी तो मंत्र मोठ्याने सांगितला. इतक्या जणांचा उद्धार होत असेल तर मी एकटा नरकात गेलो तरी चालेल, असे त्यांचे म्हणणे होते. आपला विश्वास निराळा आहे, तारणाविषयीची आपली समजूत निराळी आहे, आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. तरीही ही कथा वाचताना रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायातील पौल आठवतो. आपल्या भाऊबंदांसाठी स्वतः ख्रिस्तापासून वेगळा होण्याचीही ज्याची तयारी होती तो पौल. चांगली वार्ता हाती आली की ती एकट्याने चाखत बसता येत नाही, हे श्रीपेरुंबुदूरच्या त्या सुपुत्राला उमगले होते. आपल्या किती मंडळ्यांना उमगले आहे? आपली सुवार्ता पुष्कळदा आपल्याच भिंतींच्या आत, आपल्याच ओळखीच्या आडनावांना सांगितली जाते.

परंतु आज श्रीपेरुंबुदूर म्हटले की भारतातील माणसाला रामानुज आठवत नाहीत. आठवते ती २१ मे १९९१ ची रात्र. मंगळवार होता. लोकसभेच्या निवडणुकीची प्रचारसभा होती. माजी पंतप्रधान राजीव गांधी दहाच्या सुमारास तेथे पोहोचले. लोक हार घेऊन उभे होते. त्यांतील एका तरुणीने हार घातला, पाया पडण्यासाठी ती वाकली, आणि कमरेला बांधलेल्या स्फोटकांचा तिने स्फोट केला. राजीव गांधी गेले, ती गेली, आणि आजूबाजूची एक डझनाहून अधिक माणसे गेली. बंदोबस्तावरचे पोलीस होते, सभेला आलेले साधे लोक होते. त्यांची नावे फार थोड्यांना ठाऊक आहेत. पुढे त्या जागी स्मारक उभे राहिले, आणि २१ मे हा दिवस दहशतवादविरोधी दिन म्हणून पाळला जातो.

हार घालणे आणि पाया पडणे. आपल्या देशात आदराची याहून मोठी खूण नाही. गेथशेमाने बागेत यहूदाने चुंबन दिले, तीही त्या देशातील आदराचीच खूण होती. वाईट नेहमी वाइटाचा वेष घेऊन येत नाही. पुष्कळदा ते चांगल्याच्या सर्व खुणा अंगावर घालून, नम्रपणे वाकून येते. म्हणूनच ‘उत्तम’ हा शब्द नुसता शिष्टाचार म्हणून वापरणाऱ्या तरुणाला प्रभूने तेथल्या तेथे थांबवले.

त्या मंगळवारला कोणी उत्तम मंगळवार म्हणेल का? कोणी म्हणणार नाही, म्हणू नये. मग त्या शुक्रवारला आपण उत्तम कसे म्हणतो? तेथेही फितुरी होती, कट होता, राजकारण होते, निर्दोषाचे रक्त होते. काही उपदेशक फार सोपे उत्तर देतात : त्यातून आपले तारण झाले म्हणून तो दिवस चांगला. या उत्तरात एक धोका आहे. जणू शेवट गोड झाला म्हणून खिळेही गोड झाले! शास्त्र असे म्हणत नाही. योसेफ आपल्या भावांना (उत्पत्ती ५०:२०) भेटतो तेव्हा तुम्ही केले ते चांगलेच केले, असे सांगत नाही. तुम्ही माझे वाईट योजले, असे तो सरळ म्हणतो, आणि त्याच दमात देवाने त्याचे चांगले योजले असेही म्हणतो. वाईट हे वाईटच राहिले. देवाने त्याच्या शेजारी आपले चांगले उभे केले आणि ते वाइटाहून बलवान ठरले. त्या शुक्रवारी उत्तम होता तो दिवस नव्हे, पिलातही नव्हे, जमावही नव्हे. उत्तम होता तो एकच, आणि तो खिळलेला होता. मारणाऱ्यांसाठी क्षमा मागत होता. ‘उत्तम असा एक देवच’ हे त्याने रस्त्यात त्या तरुणाला सांगितलेले वाक्य गुलगुथ्यावर पुरे झाले.

असे उत्तम आपल्या देशात, आपल्या काळात दिसते का? श्रीपेरुंबुदूरच्याच प्रकरणात त्याची एक छाया दिसते. त्या कटात दोषी ठरलेल्या नलिनी या स्त्रीला फाशीची शिक्षा झाली होती. तिला तुरुंगात मुलगी झाली होती. या आईला फाशी देऊ नये अशी रदबदली ज्यांनी केली त्यांत मारल्या गेलेल्याची विधवा, सोनिया गांधी होत्या. २००० साली ती शिक्षा जन्मठेपेवर आली. १९ मार्च २००८ रोजी मुलगी प्रियांका वेल्लोरच्या तुरुंगात जाऊन त्या स्त्रीला भेटली. २०१८ साली मुलगा राहुल याने आपण व आपल्या बहिणीने मारेकऱ्यांना पूर्णपणे क्षमा केली असल्याचे जाहीरपणे सांगितले. पुढे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या सर्व दोषींची सुटका केली. त्या सुटकेविषयी देशात तीव्र मतभेद झाले, आणि मृत पोलिसांच्या घरच्यांना काय वाटले असेल ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही. राज्यकर्त्यांचा न्याय आणि जखमी माणसाची क्षमा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मी येथे कोणा पक्षाची स्तुती करीत नाही. एवढेच पाहतो की वडिलांच्या खुनाच्या कटातील स्त्रीसमोर एक मुलगी जाऊन बसली. ते बसणे सुखाचे नव्हते. त्याला ‘हॅपी’ म्हणता येत नाही. ‘बरे’ म्हणता येते, त्या दुसऱ्या अर्थानेही.

गावाची तिसरी ओळख कारखान्यांची. गेल्या तीस वर्षांत श्रीपेरुंबुदूरच्या आसपास मोटारी, काचा, मोबाइल संच बनवणारे प्रचंड कारखाने उभे राहिले. नोकिया कंपनीचा कारखाना २००६ साली सुरू झाला, जगभर संच पाठवू लागला, आणि २०१४ साली बंद पडला. हजारो तरुण स्त्रीपुरुषांचा रोजगार गेला. इतरांचे मात्र वाढतच आहेत. त्या मालाने भरलेल्या ट्रकांच्या रांगा आपल्या याच महामार्गावरून वर कोल्हापूर, पुण्याकडे येतात, आणि पुष्कळांच्या कपाळावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते ‘गुड्स कॅरिअर’. येथे ‘गुड’ला अनेकवचन झाले आणि त्याचा माल झाला! इंग्रजीला हसू नका. लूकच्या बाराव्या अध्यायातील तो श्रीमंत शेतकरी, जो जुनी कोठारे पाडून मोठी बांधणार होता आणि आपल्या जिवाला पुष्कळ वर्षांच्या साठ्याची हमी देत होता, तो ग्रीकमध्ये आपल्या मालाला ‘अगाथा’ म्हणतो. ज्या शब्दाने तरुणाने प्रभूला हाक मारली त्याच शब्दाचे हे अनेकवचन. त्याचे ‘उत्तम’ कोठारात मावेना. त्या रात्री त्याचा जीव मागण्यात आला.

याच रस्त्यावर ‘गुड’चा आणखी एक शब्द भेटतो. भारतात २०२२ या एका वर्षी रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, असे सरकारी अहवाल सांगतो. पुष्कळ जखमी रस्त्यातच रक्त वाहून जातात, कारण थांबणारा माणूस पोलीस, कोर्ट आणि रुग्णालयाचे बिल यांना भितो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलम आले. या कलमात मदत करणाऱ्याला दिलेले नाव आहे ‘गुड समॅरिटन’. आपल्या प्रभूने यरीहोच्या वाटेवर उभा केलेला तो परका माणूस भारताच्या कायद्यात येऊन बसला! प्रामाणिक हेतूने केलेल्या मदतीत काही चुकले तरी त्याच्यावर दावा चालत नाही, आणि नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. बक्षिसाची अपेक्षा न धरता मदत करणारा, अशी कायद्याने त्याची व्याख्या केली. पुढे २०२१ साली सरकारनेच त्याला ५,००० रुपयांचे बक्षीस ठेवले होते, ही गंमत निराळी.

लूकचा दहावा अध्याय मात्र काळजीपूर्वक वाचा. त्या शोमरोन्याला प्रभूने ‘चांगला’ असे एकदाही म्हटलेले नाही. ते विशेषण आपण, मागच्यांनी जोडले आहे. प्रभू फक्त त्याने काय केले ते सांगतो. त्याला कळवळा आला. तो जवळ गेला. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या. आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले, रात्रभर जवळ राहिला. ज्यांना लोक चांगले म्हणत, ते याजक आणि लेवी, दोघेही पलीकडच्या कडेने निघून गेले होते. हे एकदा नजरेत आले की आपल्या संस्थांच्या पाट्यांकडे पाहताना थोडी धास्ती वाटते. दारावर उत्तम मेंढपाळाचे नाव आहे. दाराशी आलेल्या रुग्णाजवळ अनामत रक्कम नाही. आणि रखवालदाराला सूचना दिलेली आहे. अशी दारे आपल्याच माणसांनी बांधली आहेत, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. मंडळीच्या पंचायतीत बसणाऱ्या वडीलजनांनी पुढच्या सभेत पाटी रंगवण्याचा खर्च मंजूर करण्याआधी त्या सूचनेचा विषय काढावा.

त्या शोमरोन्याच्या कथेतील एक तपशील आपण सहसा विसरतो, तो निरोपाचा. इंग्रजाने निरोप घेताना देवाचे नाव उच्चारले आणि ते झिजून ‘गुड’ झाले, हे वर पाहिले. आपण मराठी माणसे निघताना काय म्हणतो? ‘बरंय, येतो.’ तेच ‘बरे’ येथेही आहे. आणि पुढे ‘जातो’ असे आपण म्हणत नाही. घरातून पाय बाहेर टाकताना जातो म्हणणे अभद्र, म्हणून येतो म्हणायचे. श्रीपेरुंबुदूरच्या घराघरांतही हीच रीत आहे. तेथील माणूस निघताना म्हणतो ‘पोयिट्टु वरेन’, म्हणजे जाऊन येतो. महामार्गाच्या दोन टोकांना दोन भाषा आहेत, पण निरोप एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोमरोनी निघाला. त्याचे काम होते, वाट पुढे होती. त्याने दोन दिनार काढून उतारशाळेच्या मालकाच्या हातावर ठेवले. दोन दिवसांची मजुरी. याची काळजी घे, असे सांगितले. आणि अधिक जो खर्च होईल तो मी परत येईन तेव्हा देईन, असेही सांगितले. रस्ता लुटारूंचा, तो परका, शोमरोनी, यहुदी मुलखात त्याचा शब्द कोण धरणार? मालकाने धरला असे दिसते, कारण कथेत तक्रार नाही. खाटेवर पडलेला माणूस त्या वेळी शुद्धीवर होता की नाही, हेही लूक सांगत नाही. असेल तर त्याने दाराकडून आलेले ते शब्द ऐकले असतील. आपल्या भाषेत ते फार थोडे होतात : बरंय, येतो.